मग त्या घोड्याचं काय झालं?

पत्राचा सारांश: पत्रलेखक २९ वर्षांचे, नागपूरकर, मिहानमधल्या एका कंपनीत नोकरीला. चार वर्षांपासून मराठीत एक फँटसी कादंबरी लिहीत आहेत; सकाळी मेट्रोत फोनवर, रात्री जेवणं आटोपल्यावर लॅपटॉपवर. सात राज्यं, त्यांच्या वंशावळी, हातानं काढलेले नकाशे आणि बुडालेल्या माणसांचे आवाज साठवून ठेवणारा एक तलाव, असा पसारा आहे. एकूण २४ प्रकरणं ठरली आहेत. दीड वर्षापूर्वी ते लिहिणाऱ्यांच्या एका ऑनलाइन गटात आले. गटात १४ जण. ज्याचं प्रकरण तयार असेल त्यानं शनिवारी पाठवायचं, बाकीच्यांनी मत द्यायचं. सुरुवातीला मजा आली, आता शनिवार जवळ आला की पोटात गोळा येतो. एक म्हणतो वर्णन वाढवा, दुसरी म्हणते कापा. तिसऱ्याला सगळंच इंग्रजीवरून उचलल्यासारखं वाटतं. पुण्याच्या एका सभासदाला नागपुरी बोली खटकते. गोंदियाकडच्या एका मुलीनं राज्यांच्या नावांवरच आक्षेप घेतला. त्यात गटातल्याच एकाची कथा आली आणि तिच्यात आवाज साठवणारी विहीर निघाली. पहिली तीन प्रकरणं ११ वेळा लिहून झाली आहेत, आठव्याच्या पुढे कादंबरी सरकलेली नाही. ते विचारतात: गट सोडू का? कल्पना चोरीला जाऊ नये म्हणून काय करू? आणि मराठीत हे वाचणारंच कोणी नसेल तर सरळ इंग्रजीत लिहायला घेऊ का?

उत्तर:

तुमचं पत्र आलं त्या दिवशी माझ्या कूलरची मोटर बसली होती. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात नागपुरात कूलर बंद पडणं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. पत्रासोबतची तीन प्रकरणं मी ओला पंचा डोक्यावर घेऊन वाचली. अशा दुपारी मी एरवी वर्तमानपत्रसुद्धा शेवटपर्यंत वाचत नाही, तुमची तीनही प्रकरणं वाचली. फक्त पहिल्यातली सुरुवातीची ११ पानं चाळली. त्यांच्याकडे येतेच.

आधी माझी एक फजिती ऐका. चाळीसेक वर्षं झाली असतील. महाल भागातल्या आमच्या वाड्याच्या गच्चीवर कोजागिरी होती. पितळी पातेल्यात दूध आटत होतं आणि मी नुकतीच लिहिलेली २२ पानांची कथा वाचून दाखवत होते. एक निरोप्या घोड्यावरून जंगल तुडवत एका शापित गावाकडे निघतो, अशी ती कथा. प्रत्येक ओळ घासूनपुसून लिहिलेली. वाचून झालं. "छान", "छान आहे हो", "भाषा काय गोड आहे", असं सगळे म्हणाले आणि पेले पुढे सरकले. शेजारच्या काकू मात्र पदरानं कढत पेला धरून बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "मग त्या घोड्याचं काय झालं?"

चौथ्या पानावर माझा निरोप्या नदीकाठच्या मोहाला घोडा बांधून नावेत बसला होता. पुढची अठरा पानं मी त्या घोड्याकडे फिरकले नव्हते. काकूंचा मला त्या रात्री इतका राग आला म्हणून सांगू! एवढी भाषा, एवढ्या उपमा, आणि बाईला दिसला काय तर घोडा. राग जायला दोन महिने लागले. तेव्हा कुठे लक्षात आलं, की गच्चीवरच्या वीस-बावीस माणसांत एकट्या काकूच त्या नदीकाठी गेल्या होत्या, आणि कथा संपली तरी तिथेच उभ्या होत्या. बाकीचे दुधाची वाट पाहत होते.

आता तुमच्या गटाकडे येऊ. तुम्ही प्रकरणांसोबत गटाला लिहिलेल्या चिठ्ठ्याही मला पाठवल्यात, ते बरं केलंत. प्रत्येक चिठ्ठीत शेवटी एकच वाक्य आहे: "कसं वाटलं ते अगदी प्रामाणिकपणे सांगा." असं विचारलं की माणूस न्यायाधीशाच्या खुर्चीत जाऊन बसतो. बसला की त्याला निकाल द्यावाच लागतो, आणि निकाल देताना तो आपण ही कादंबरी लिहिली असती तर कशी लिहिली असती, तेच सांगतो. १४ जणांच्या डोक्यात १४ कादंबऱ्या आहेत. त्या सगळ्या तुमच्या तीन प्रकरणांत बसवायच्या म्हटलं तर ११ खेपाही कमीच पडतील.

त्यांच्याकडे बातमी मागा. वाचता वाचता फोन कुठे हातात घेतला? कोण कुणाचा भाऊ ते कुठे हरवलं? कुठलं वाक्य मागे जाऊन पुन्हा वाचावं लागलं? प्रकरण मिटल्यावर कोणाची काळजी वाटत राहिली? अशा प्रश्नांना वाचक खोटं उत्तर सहसा देत नाही, कारण त्यात त्याची विद्वत्ता पणाला लागत नाही. आणि मिळालेलं उत्तर तुम्हाला वापरताही येतं.

वर्णन वाढवा आणि वर्णन कापा, या दोन मतांनी तुम्ही हैराण झाला आहात. दोघांचे निरोप मी शेजारी शेजारी ठेवून पाहिले. दोघंही एकाच जागेबद्दल बोलत आहेत: दुसऱ्या प्रकरणातली वनाच्या वेशीपाशी पोचण्याची दोन पानं. मीही तिथेच अडखळले. त्या दोन पानांत वेस दिसते, तोरण दिसतं, दगडावरचं कोरीवकाम दिसतं. ते बघतंय कोण, ते कळत नाही. राजपुत्र? नावाडी? की तुम्ही? बघणाऱ्याचे डोळे नसले की एकाला वाटतं अजून लिहायला हवं आणि दुसरीला वाटतं फार झालं. औषध दोघांचंही चुकलं, पण दुखतंय कुठे ते दोघांनी अचूक दाखवलं. एक वही करा आणि सभासदाच्या नावानिशी जागा तेवढी टिपा, उपाय टिपू नका. एकाच जागेवर तीन नावं पडली की ती जागा पाहायची. एकच नाव पडलं तर पुढे चला.

पण ही वही आत्ताच उघडू नका. तुमच्या पत्रामागचं एक गृहीत मला मान्य नाही. कादंबरी गटाला दाखवत दाखवत लिहायची असते, असं तुम्ही धरून चालला आहात. काहींना ते जमतं. तुम्हाला दीड वर्षात जमलेलं नाही, हा ११ चा आकडाच सांगतो. नवव्या प्रकरणात काय होणार हे तुम्हाला अजून ठाऊक नाही (तसं पत्रात तुम्हीच लिहिलंय), मग पहिलं प्रकरण बरोबर की चूक हे गट कशावरून सांगणार? घोडा परत येणार आहे की नाही, हे लिहिणाऱ्यालाच माहीत नसताना घोड्याबद्दल मत मागण्यासारखं आहे हे.

एक हिशेब करून पाहा. आठ प्रकरणं झाली, सोळा उरली. तुमचं प्रकरण साधारण अडीच हजार शब्दांचं असतं, म्हणजे चाळीस हजार शब्द. मेट्रोनं खापरीला ऑफिसात जाताना आणि येताना मिळून रोज तीनशे शब्द झाले, तर १३३ ते १३४ दिवस. मेच्या सुरुवातीला बसलात तर पोळ्याच्या आगेमागे पहिला खर्डा हातात येतो. तो वाईट असेल. असू द्या, कोणाला दाखवायचाच नाहीये. तोवर गटाला दोन ओळींचा निरोप द्या, की पोळ्यापर्यंत मी काही पाठवणार नाही, तुमचं मात्र वाचत राहीन. दुसऱ्यांचं वाचणं सोडू नका. परक्या प्रकरणात आपला फोन कुठे हातात येतो, हे पकडायला शिकणं म्हणजे निम्मं शिक्षण.

पोळ्याचा विषय निघाला तर आता त्या ११ पानांकडे.

सात राज्यांची उत्पत्ती, तीन युगं, दोन शाप, राजांची यादी. हे सगळं तुम्हाला माहीत असलं पाहिजे, वादच नाही. वाचकाला ते पहिल्या पानावर माहीत असलं पाहिजे, हे कोणी सांगितलं? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीत जाऊन उभे राहा. लहानपणी गेलाच असाल. मारबतीची सव्वाशे वर्षांहून जुनी परंपरा. बांबूच्या सांगाड्यावर कागद-कापड चढवून केलेली, माणसांच्या डोक्यांवरून डुलत येणारी काळी मारबत. दुसरीकडून पिवळी. मध्ये महागाईपासून पुढाऱ्यांपर्यंत कशाकशाचे बडगे, म्हणजे पुतळे. आणि गल्ली दणाणून सोडणारी आरोळी, इडा पिडा घेऊन जा गे मारबत! बापाच्या खांद्यावर बसलेल्या चार वर्षांच्या पोराला काळी कोण, पिवळी कोण, बांकाबाईची कथा काय, यातलं काही ठाऊक नसतं. तरी त्याला नेमकं कळतं: ही मोठी आहे, ही आपली नाही, हिला गावाबाहेर न्यायचंय, आणि आज ओरडलं तर कोणी रागावणार नाही. ते गळा फाटेस्तोवर ओरडतं. घरी जाताना मात्र विचारतं, "बाबा, ते काळी कोन होती?" माहिती देण्याची वेळ ती. विचारल्यावर.

तुमच्या तिसऱ्या प्रकरणात हे तुम्हाला आपोआप साधलंय. बाई घागर बुडवायच्या आधी तलावाला आपलं नाव सांगते आणि सांगताना मुद्दाम खोटं सांगते. का, ते तुम्ही लिहिलं नाही. मी तिथे पंचा पुन्हा ओला करायला उठणार होते, उठले नाही. अकरा पानांच्या तीन युगांनी जे केलं नाही ते या एका खोट्या नावानं केलं. ती पानं फाडू नका, वेगळ्या फाईलमध्ये ठेवा. तो तुमचा शिधा आहे, पंगतीत वाढायचा नाही.

इंग्रजीवरून उचलल्यासारखं वाटतं, ही तक्रार तुम्हाला सर्वांत जास्त झोंबलेली दिसते. नुसतं नक्कल म्हणून हिणवणाऱ्यांची मला चीड आहे. पण तुमच्या पहिल्या प्रकरणात बर्फ पडतो. सैनिक शेकोटीभोवती पाव आणि चीज खातात. तिसऱ्यात तळ्याचा गाळ भेगाळलेला आहे, कडेला बेशरमाची झुडपं आहेत, आणि दुपारी कोणी नावसुद्धा घेत नाही कारण घशाला कोरड पडते. कुठलं प्रकरण तुम्ही डोळ्यांनी पाहून लिहिलंय ते सांगायला समीक्षक लागत नाही. बर्फावर कोणाची मालकी नाही, खुशाल पाडा. पण मग तो बर्फ बोटांना कसा झोंबतो ते तुम्हाला मिळवावं लागेल. नवतपा तुम्हाला फुकट मिळालाय. नऊ दिवस आकाशातून आग ओतणारा सूर्य, रस्ते ओस, पंचेचाळीस अंशांत डांबराला चिकटणाऱ्या चपला. बाहेरच्याला सांगितलं तर त्याला हीच फँटसी वाटेल.

गोंदियाकडच्या त्या मुलीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण इथे तुमचं मला पटलं नाही. सातपैकी चार राज्यांना तुम्ही चारदेव, पाचदेव, सहादेव, सातदेव अशी नावं दिलीत, आणि सातदेवांना दगाबाज ठरवलंत. तिनं लिहिलं, की आमच्याकडे आजही लग्न ठरवताना हे विचारतात. तुम्ही मला लिहिताना याला सेन्सॉरशिप म्हटलंत. ती बिचारी एवढंच सांगत होती, की तुम्हाला कुठल्याशा लेखात सापडलेला शब्द तिच्या घरात रोजच्या वापरातला आहे. गोंड समाजात कुळ किती देवांचं यावरून सोयरीक ठरते. सारख्या देवांची कुळं भाऊबंद, त्यांच्यात लग्न नाही. माघी पौर्णिमेला सालेकसा तालुक्यात कचारगडच्या गुहेपाशी ठिकठिकाणच्या राज्यांतून माणसं येतात, ती एखाद्या संपलेल्या पुराणाला भेटायला येत नाहीत. आणि आपण ज्या शहरात बसून हे लिहितो-वाचतो, ते वसवलं देवगडच्या गोंड राजानं, बख्त बुलंद शहानं, १७०२ च्या सुमारास. इथे राहून गोंडांना दूरच्या दंतकथेत टाकणं तुम्हाला तरी शोभत नाही.

दोन वाटा आहेत. एक, नावं बदला. मी बदलून दोन पानं वाचून पाहिली, कथेचा टवकाही उडत नाही. म्हणजे ती नावं तुम्हाला नुसती नादासाठी हवी होती. दुसरी वाट लांबची. तिकडे जायचं, लोकांशी बोलायचं, ऐकायचं, आणि मग त्या समाजाची माणसं कादंबरीत नुसती घराणी न राहता माणसं म्हणून येतील असं लिहायचं. छापायच्या आधी त्यांच्यापैकी कोणाला तरी पूर्ण वाचायला द्यायचं. या कादंबरीपुरती मी पहिली वाट धरली असती. त्या मुलीचे आभार मानणारा एक निरोप मात्र आजच पाठवा. १४ जणांत घोड्याचं विचारणारी तीच आहे.

बोलीचं. पुण्याच्या सभासदाला वाचताना अडखळायला होतं म्हणे. होऊ दे की थोडं. पण त्यांच्या तक्रारीच्या निमित्तानं मी एक मोजणी केली. तीन प्रकरणांत नागपुरी कोण बोलतं? दोन शिपाई, एक चोर आणि दारू पिऊन पडलेला नावाडी. "काहून भेऊन राहिला बे?" हे वाक्य चोराच्या तोंडी. राजपुत्र, गुरू आणि खुद्द तलाव मात्र सदाशिव पेठेत वाढल्यासारखे बोलतात. अहो, तलावात बुडालेली माणसं आपल्याच काठची ना? फुटाळा तलावात बुडालेला माणूस मेल्यावर प्रमाण मराठी कुठून शिकला? बोली ठेवायची की काढायची हा प्रश्नच नाही. ती फक्त हसण्यावारी न्यायच्या पात्रांना दिलीत, हे सिनेमा-नाटकांनी आपल्याला लावलेलं वळण आहे. मराठीतला पहिला गद्य ग्रंथ मानतात तो लीळाचरित्र तेराव्या शतकात आपल्या विदर्भात, ऋद्धिपूरला म्हाइंभटांनी सिद्ध केला, आणि तो लिहिताना इथली बोली कोणाला हलकी वाटली नव्हती. एकदा आठव्या प्रकरणातल्या राणीला "मले माहीत आहे तू कायले आला" असं म्हणू द्या. ती राणी वाटते की नाही पाहा. नाही वाटली तर राणीत काही उणं आहे का, तेही पाहा.

आता चोरीचं. तुमचा तलाव आवाज साठवतो, त्यांची विहीर साठवते, आणि तुमची झोप उडाली. विहिरीत वाकून ओ दिली की विहीर ओ देते, हे खेड्यातलं प्रत्येक पोर जाणतं. त्यांना ते तुमच्या प्रकरणावरून सुचलं असेल, नकळत सुचलं असेल, किंवा आजोळच्या विहिरीवरून सुचलं असेल. मनात ठेवून कुढू नका, त्यांनाच एकदा साधं विचारा: "तुमची विहीर वाचून मला माझा तलाव आठवला, तुम्हाला कुठे सुचली?" उत्तर काहीही आलं तरी तुमचे शनिवार सुटतील.

कायद्यापुरतं सांगायचं तर कल्पनेवर मालकी मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्ये आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात ते स्पष्ट केलंय: कल्पना, विषय, कथाबीज यांवर स्वामित्व हक्क नसतो, ते कशा प्रकारे मांडलं, त्या मांडणीवर असतो. ती मांडणी मात्र लिहिल्या क्षणापासून तुमची. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार त्यासाठी नोंदणी लागत नाही, आणि हा हक्क लेखकाच्या हयातीत व मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. नोंदणी केली तर वादाच्या वेळी पुरावा म्हणून उपयोगी पडते. साहित्यकृतीसाठी सरकारी शुल्क ५०० रुपये आहे. अर्धवट आठ प्रकरणांची घाई करू नका, पूर्ण झाल्यावर करा. तोवर प्रत्येक खर्डा तारीख घालून जपून ठेवा. गटात पाठवलेल्या निरोपांवर तारीख-वेळ असतेच, तीही तुमच्याच बाजूनं बोलेल.

यापेक्षा व्यवहारातली एक गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. बंद गटात चौदा जणांना वाचायला देणं वेगळं आणि कोणालाही वाचता येईल असं सगळीकडे टाकणं वेगळं. बहुतेक दिवाळी अंक आणि स्पर्धा अप्रकाशित लेखन मागतात. कादंबरीचा एखादा तुकडा स्वतंत्र कथा म्हणून पाठवायचा मनात असेल (त्या खोटं नाव सांगणाऱ्या बाईची कथा सुटी उभी राहील, असं मला वाटतं), तर तो जगजाहीर करू नका.

राहिलं इंग्रजी. इंग्रजीत लिहायला कोणाची हरकत नाही. मराठीत वाचक नाही म्हणून लिहिणार असाल, तर आधी इतिहास पाहा. सुरुवातीच्या बऱ्याच मराठी कादंबऱ्या रांगल्या त्या अद्भुताच्या अंगणात. १८६१ ची मुक्तामाला, १८६८ ची मंजुघोषा; राजपुत्र, राजकन्या, संकटं, योगायोग, आणि लोकांनी त्या आवडीनं वाचल्या. पुढे हरिभाऊ आपट्यांच्या पिढीनं घरातली माणसं कादंबरीत आणली, ते गरजेचंच होतं, आणि मग अद्भुत म्हणजे पोरखेळ असा समज होऊन बसला. समज आहे, निसर्गनियम नाही. दुसरं म्हणजे तुमचं तिसरं प्रकरण मी मनातल्या मनात इंग्रजीत करून पाहिलं. घागर गेली, गाळ गेला, "नाव सांग ना गे बाई" मधला तो "गे" गेला. बर्फाचं पहिलं प्रकरण मात्र जसंच्या तसं झालं. यावरून काय ते ठरवा.

गट सोडू का, याचं उत्तर एव्हाना मिळालं असेल. सोडू नका, सुट्टी घ्या. पोळ्यानंतर परत जाल तेव्हा चौदाही जणांना देऊ नका. तिघं निवडा: एक ही मुलगी, एक तुमच्या बोलीवर अडखळणारे पुण्याचे गृहस्थ (खरंच, त्यांना घ्या, तुमच्या बाजूचा नसलेला एक वाचक हवाच), आणि तिसरा असा, ज्यानं आयुष्यात फँटसी वाचलेली नाही. हा तिसरा गटात मिळणार नाही. तुम्ही पत्रात लिहिता, आईला वाटतं मी रात्री ऑफिसचं काम करतो. मग आईच का नको? तिला कागद देऊ नका. ती भाजी निवडत असताना तिसरं प्रकरण मोठ्यानं वाचून दाखवा. जिभेवर जे वाक्य लटपटेल त्याखाली पेन्सिलीची रेघ मारा, आणि आईचे हात कुठे थांबतात तेवढं बघा. ती मत देईल न देईल, हात थांबले तर तुम्हाला कळेलच.

माझ्याकडून मत मागितलंत, म्हणून शेवटी वाचक म्हणून माझी बातमी तेवढी देते. दुसऱ्या प्रकरणाच्या शेवटी नावाडी राजपुत्राला पलीकडे सोडायला निघतो. निघताना एक झाकलेली टोपली काठावरच्या दगडाआड ठेवतो आणि मागे वळून पाहतो. तिसरं प्रकरण संपलं तरी टोपली तिथेच आहे. त्यानंतर माझा कूलर दुरुस्त होऊन आला, आठवडा उलटला, रोज दुपारी ती टोपली डोळ्यांपुढे येते. उन्हात आहे हो ती. आत काय आहे?

मला कळवू नका. सोळा प्रकरणांत कुठेतरी लिहा.